जिरोलामो कार्दानो

जिरोलामो कार्दानो (२४ सप्टेंबर १५०१, पाविया – २१ सप्टेंबर १५७६, रोम) हे सोळाव्या शतकातील इटालियन वैद्य, गणितज्ञ, ज्योतिषी आणि ग्रंथकार होते. त्रिघाती व चतुर्घाती समीकरणांची उकल प्रथम छापील स्वरूपात मांडणारा ‘आर्स माग्ना’ (१५४५) हा ग्रंथ त्यांच्या कीर्तीचा मुख्य आधार मानला जातो. तथापि हयातीत त्यांची ख्याती प्रामुख्याने वैद्य म्हणून होती आणि एका काळी युरोपातील सर्वाधिक मागणी असलेल्या वैद्यांत त्यांची गणना होत असे. फासे, पत्ते आणि पैजेवरचे बुद्धिबळ यांचे व्यसन त्यांना विद्यार्थिदशेत जडले आणि आयुष्याचा मोठा भाग त्यांच्याबरोबर राहिले. या व्यसनातूनच संभाव्यतेच्या गणितावरील पहिले पद्धतशीर लेखन निर्माण झाले. याच व्यसनापायी त्यांच्या कुटुंबाला काही काळ अनाथगृहवजा आश्रयस्थानात राहावे लागले.

जन्म व बालपण

कार्दानो यांचे वडील फात्सिओ कार्दानो हे मिलानमधील वकील होते. त्यांना भूमितीची उत्तम जाण होती आणि लिओनार्दो दा विंची यांच्याशी त्यांचा परिचय होता. आई कियारा ही विधवा असून तिला पहिल्या विवाहापासून तीन मुले होती. फात्सिओ व कियारा यांचा विवाह त्या वेळी झालेला नव्हता. त्यामुळे जिरोलामो अनौरस ठरले. गर्भ पाडण्यासाठी आईने औषधे घेतली होती, ती निष्फळ ठरली, असे कार्दानो यांनी आपल्या आत्मचरित्रात कोणताही आडपडदा न ठेवता नोंदविले आहे. मिलानमध्ये प्लेगची साथ असल्याने कियारा पावियाला गेली व तेथे मुलाचा जन्म झाला. मागे राहिलेली तिची तिन्ही मुले त्याच साथीत दगावली.

लहानपणी प्रकृती कायम नाजूक असूनही वडील त्यांना सामान वाहण्यासाठी बरोबर नेत. गणिताची गोडी मात्र या वडिलांकडूनच लागली. मुलाने कायदा शिकावा ही फात्सिओंची इच्छा होती. मुलाने वैद्यक निवडले.

शिक्षण आणि जुगाराची सुरुवात

१५२० मध्ये कार्दानो पाविया विद्यापीठात दाखल झाले. पुढे युद्धामुळे ते विद्यापीठ बंद पडल्यावर त्यांनी पादुआ गाठले. १५२४ मध्ये वडिलांचे निधन झाले. मागे राहिलेली पुंजी लहान होती आणि ती लवकरच संपली. दरम्यान विद्यार्थ्यांमधून निवडल्या जाणाऱ्या रेक्टरच्या पदावर ते अवघ्या एका मताने निवडून आले. हे पद मानाचे असले तरी खर्चाचे होते, आणि ज्याच्या गाठीला काही नाही अशा तरुणाने ते स्वीकारणे शहाणपणाचे नव्हते. तोंडाने फटकळ असल्यामुळे प्राध्यापकांत त्यांच्याविषयी फारसे ममत्व नव्हते. वैद्यकातील पदवी नाकारली गेल्यानंतर पुन्हा प्रयत्न करून ती त्यांनी मिळविली.

या काळात उदरनिर्वाहाचे साधन म्हणून ते फासे, पत्ते आणि बुद्धिबळ यांकडे वळले. कोणता डाव किती वेळा येऊ शकतो याचा हिशेब त्यांना इतरांपेक्षा चांगला कळत असल्याने प्रारंभी ते हरण्यापेक्षा जास्त जिंकत. धोका नेमका येथेच होता. हिशेबावर विश्वास असलेला खेळाडू हरल्यावर उठून जात नाही; पुढच्या डावात तूट भरून निघेल अशी त्याला खात्री वाटत राहते. या नादापायी त्यांची संगतही बदलली. व्हेनिसमध्ये एका सरदाराच्या घरी पत्ते खेळताना पत्त्यांवर खुणा केलेल्या आहेत हे लक्षात येताच त्यांनी कट्यारीने यजमानाच्या चेहऱ्यावर वार केला, पैसे उचलले आणि पळ काढला. त्याच रात्री अंधारात ते कालव्यात पडले. ज्या नावेने त्यांना बाहेर काढले तिच्यात तोच यजमान चेहऱ्याला पट्टी बांधून बसला होता आणि त्याने त्यांना कोरडे कपडे दिले. ही हकीकत स्वतः कार्दानो यांनीच सांगितलेली आहे. ते प्रसंग खुलवून सांगत असत, हे ती वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

विवाह, दारिद्र्य आणि मिलान

पदवीनंतर कार्दानो यांनी मिलानच्या वैद्यमंडळाकडे सदस्यत्वासाठी अर्ज केला. मंडळाच्या सदस्यत्वाशिवाय शहरात उघडपणे वैद्यकी करता येत नसे. अनौरस जन्माचे कारण देऊन अर्ज फेटाळण्यात आला. त्यामुळे त्यांनी पादुआजवळच्या साक्को या लहान गावी व्यवसाय थाटला. तेथील रक्षकदलाच्या कप्तानाची मुलगी लुचिया बांदारिनी हिच्याशी १५३१ मध्ये त्यांचा विवाह झाला. गावातील उत्पन्नावर संसार चालेना, म्हणून पुढील वर्षी हे दांपत्य मिलानजवळील गाल्लाराते येथे आले. मिलानच्या वैद्यमंडळाने पुन्हा नकार दिला.

गाल्लारातेमधील काळ कार्दानो यांच्या संसाराला सर्वाधिक जाचक ठरला. रोगी नाहीत, मंडळाची मान्यता नाही आणि घरात पत्नी गर्भवती, अशा अवस्थेत १५३३ च्या सुमारास ते पुन्हा जुगाराकडे वळले. या वेळी हिशेबाने साथ दिली नाही. लुचियाचे दागिने गहाण पडले, पाठोपाठ घरातील काही सामानही गेले. १५३४ मध्ये थोरला मुलगा जाम्बात्तिस्ता जन्मला. नशीब बदलेल या आशेने कुटुंब मिलानला आले, पण तेथे आणखी हलाखी वाट्याला आली आणि निराधारांसाठी असलेल्या आश्रयगृहात राहण्याची वेळ आली. लुचियाने या काळात काय सोसले याची तिच्या बाजूने कोणतीही नोंद उरलेली नाही. कार्दानो यांच्या लेखनातही ती फार थोडी दिसते. पत्नीच्या दागिन्यांचा उल्लेख त्यांनी केला आहे, परंतु त्या प्रसंगी ती काय म्हणाली असेल याचा नाही.

या अवस्थेतून सुटका झाली ती वडिलांच्या पुण्याईने. फात्सिओ पूर्वी ज्या पदावर गणिताची व्याख्याने देत असत, ते देणगीवर चालणारे मिलानमधील पद १५३४ मध्ये एका हितचिंतक सरदाराच्या मध्यस्थीने कार्दानो यांना मिळाले. वेतन अल्प होते, पण मोकळा वेळ भरपूर मिळे. त्या वेळात ते मंडळाच्या परवानगीविना काही रोग्यांवर उपचार करू लागले. इतरांनी सोडून दिलेले काही रोगी बरे झाल्यामुळे त्यांचे नाव पसरले. मंडळातील वैद्यही आडून त्यांचा सल्ला घेऊ लागले. रोग्याजवळ बसून त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची, त्याचा आहार, झोप व सवयी बारकाईने विचारण्याची त्यांची पद्धत होती. वादविवादात कडवट वाटणारा हा मनुष्य रोग्याच्या बिछान्यापाशी मात्र अतिशय आश्वासक असे.

१५३६ मध्ये त्यांनी प्रचलित वैद्यकातील दोषांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात समकालीन वैद्यांच्या चुकांची लांबलचक यादी दिली. ज्या मंडळात प्रवेश हवा होता त्याच मंडळाला डिवचणारे हे पुस्तक होते. टायफस तापाच्या सर्वांत जुन्या वर्णनांपैकी एक त्यात आढळते. अखेर १५३९ मध्ये प्रभावशाली चाहत्यांच्या आग्रहावरून मंडळाने अनौरस जन्माविषयीचा नियम बदलला व कार्दानो यांना सदस्य करून घेतले.

येथून पुढचा मार्ग सरळ असायला हवा होता. परंतु १५४० मध्ये त्यांनी गणिताचे व्याख्यानपद आपला शिष्य लोदोव्हिको फेर्रारी याच्यासाठी सोडले आणि पुढील सुमारे दोन वर्षे अभ्यास बाजूला ठेवून ते दिवसदिवस बुद्धिबळ व जुगार खेळत राहिले. या वेळी घरात दारिद्र्य नव्हते. पोटासाठी खेळतो हे विद्यार्थिदशेतील व गाल्लारातेमधील समर्थन या दोन वर्षांना लागू पडत नाही, आणि म्हणून व्यसनाचे खरे स्वरूप याच काळात अधिक स्पष्ट होते. बुद्धिबळ सुमारे चाळीस वर्षे आणि फासे सुमारे पंचवीस वर्षे, तेही बहुधा रोज, आपण खेळलो आणि त्यात पैसा, वेळ व लौकिक तिन्ही गमावले, अशी कबुली वृद्धपणी त्यांनी दिली.

आर्स माग्ना

त्रिघाती समीकरणांची एक रीत निकोलो तार्ताल्या यांना सापडली होती. १५३९ मध्ये कार्दानो यांनी त्यांना मिलानला बोलावून, ती प्रसिद्ध न करण्याची शपथ घेऊन, ती मिळविली. पुढे १५४३ मध्ये कार्दानो व फेर्रारी बोलोन्याला गेले असता तेथील दिवंगत गणितज्ञ शिपिओने देल फेर्रो यांच्या कागदपत्रांत हीच रीत आधीपासून असल्याचे त्यांना आढळले. त्यामुळे शपथेचे बंधन उरले नाही असे मानून कार्दानो यांनी १५४५ मध्ये न्यूरेंबर्ग येथे ‘आर्स माग्ना’ छापला. त्यात देल फेर्रो व तार्ताल्या या दोघांनाही श्रेय दिलेले आहे, आणि चतुर्घाती समीकरणाची फेर्रारीची उकलही त्याच्या नावानिशी आहे. तार्ताल्या यांनी हा विश्वासघात मानला आणि वाद अनेक वर्षे चालला. १० या संख्येचे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार ४० येईल, या उदाहरणात कार्दानो यांनी ऋण संख्येचे वर्गमूळ वापरून उत्तर काढले. काल्पनिक संख्यांचा हा छापील गणितातील पहिला वापर होय.

१५४६ मध्ये लुचियाचे निधन झाले. तेव्हा जाम्बात्तिस्ता सुमारे १२ वर्षांचा, मुलगी कियारा त्याहून लहान आणि धाकटा आल्दो अवघा ३ वर्षांचा होता. कार्दानो यांनी पुन्हा विवाह केला नाही. मुलांचे संगोपन नोकरांवर आणि त्यांच्या स्वतःच्या तुटक लक्षावर अवलंबून राहिले. ग्रंथलेखन, व्याख्याने, रोगी आणि खेळ यांतून उरलेला वेळ थोडाच होता.

स्कॉटलंडचा प्रवास

डेन्मार्कच्या राजाचे बोलावणे कार्दानो यांनी नाकारले होते. परंतु १५५२ मध्ये सेंट अँड्र्यूजचे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या दम्यावरील उपचारासाठी ते निघाले. भेट पॅरिसला व्हावी असा मूळ बेत होता, पण रोग्याला स्कॉटलंड सोडणे शक्य झाले नाही. जूनच्या अखेरीस कार्दानो एडिंबरोला पोहोचले. काही आठवडे केवळ निरीक्षण केल्यानंतर त्यांनी रोग्याच्या बिछान्यातील व उशीतील पिसे काढून त्याजागी रेशीम वापरण्यास सांगितले, आहार आखून दिला, व्यायाम व पुरेशी झोप यांवर भर दिला. हॅमिल्टन यांच्या प्रकृतीत उतार पडला. ॲलर्जी ही कल्पना ज्ञात होण्यापूर्वी साडेतीन शतके पिसांचा बिछाना दूर करण्याचा हा सल्ला दिला गेला, म्हणून वैद्यकाच्या इतिहासात या उपचाराचा उल्लेख वारंवार येतो. कार्दानो यांना २,००० हून अधिक सुवर्णमुद्रा मिळाल्या.

परतीच्या वाटेवर लंडनमध्ये त्यांनी किशोरवयीन राजा सहावा एडवर्ड याची कुंडली मांडली आणि त्याला दीर्घायुष्य वर्तविले. पुढच्याच वर्षी वयाच्या १५ व्या वर्षी राजा वारला. कार्दानो यांनी गणितात चूक कोठे झाली याचे स्पष्टीकरण लिहून काढले, पण ज्योतिष सोडले नाही.

जाम्बात्तिस्ताचा खटला

थोरला मुलगा जाम्बात्तिस्ता वडिलांप्रमाणे वैद्य झाला. त्याच्यावर कार्दानो यांचा विशेष जीव होता. १५५७ मध्ये त्याने ब्रांदोनिया दी सेरोनी हिच्याशी गुपचूप विवाह केला. कार्दानो यांना ती सून म्हणून मान्य नव्हती, तरीही त्यांनी मुलाला खर्चासाठी पैसे देणे चालू ठेवले. तरुण जोडपे सेरोनी कुटुंबाकडे राहू लागले. त्या घरी जावयाच्या मागे असलेल्या श्रीमंत सासऱ्याच्या पैशावर नजर होती आणि ब्रांदोनिया आपली मुले नवऱ्याची नाहीत असे उघड बोलून त्याला टोचत असे, असे वर्णन कार्दानो यांच्या बाजूने आलेले आहे. ब्रांदोनियाची बाजू मांडणारे कोणी उरले नाही. १५६० मध्ये जाम्बात्तिस्ताने आर्सेनिक घातलेला केक तिला खाऊ घातला व ती मरण पावली. त्याने गुन्हा कबूल केला.

कार्दानो यांनी मुलाच्या बचावासाठी नामांकित वकील दिले आणि स्वतःही बचावाचे लेखन केले. सेरोनी कुटुंबाशी तडजोड झाली तरच प्राण वाचतील असे न्यायालयाने ठरविले. त्या कुटुंबाने मागितलेली रक्कम कार्दानो यांच्या आवाक्याबाहेरची होती. एका आर्चबिशपच्या श्वासासाठी दोन हजार सुवर्णमुद्रा मिळविणाऱ्या वैद्यापाशी आठ वर्षांनी स्वतःच्या मुलाचे प्राण सोडविण्याइतके धन नव्हते. ते सर्वच जुगारात गेले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण मागणीच अवाढव्य होती. परंतु साठवलेली पुंजी असती तर बोलणी कोठवर गेली असती, हा प्रश्न त्यांना स्वतःला टाळता आला नसावा. एप्रिल १५६० मध्ये जाम्बात्तिस्ताचा छळ करण्यात आला, त्याचा डावा हात तोडण्यात आला आणि नंतर शिरच्छेद झाला. तेव्हा तो सुमारे २६ वर्षांचा होता.

या घटनेतून कार्दानो कधीच सावरले नाहीत. आत्मचरित्रात ते या मृत्यूकडे पुन्हा पुन्हा वळतात; आपल्या आयुष्यातील मोठ्या आपत्तींत त्यांनी त्याची गणना केली आहे. १५६१ मध्ये संकटांपासून लाभ कसा घ्यावा या विषयावर त्यांनी ग्रंथ काढला आणि मुलाच्या खटल्याची हकीकत त्याला जोडली. जाम्बात्तिस्ताचा मुलगा फात्सिओ, ज्याला पणजोबांचे नाव दिलेले होते, त्याला त्यांनी आपल्याजवळ वाढविले.

बोलोन्या आणि आल्दो

खुनी मुलाचा बाप म्हणून मिलान व पावियामध्ये राहणे कठीण झाल्याने कार्दानो यांनी १५६२ मध्ये बोलोन्या विद्यापीठातील वैद्यकाचे प्राध्यापकपद स्वीकारले. धाकटा मुलगा आल्दो या काळात वडिलांचे व्यसन पुढे चालवीत होता. मात्र वडिलांचा अभ्यास व मिळकत त्याच्यापाशी नव्हती. त्याची संगत वाईट होती आणि तो अनेकदा तुरुंगात गेला. वडील त्याचे कर्ज फेडीत, त्याला सोडवून आणीत आणि पुन्हा तेच घडे. १५६९ मध्ये आल्दोने स्वतःच्या अंगावरचे कपडे व सर्व चीजवस्तू, तसेच वडिलांचा बराच पैसा जुगारात घालविला आणि अखेर वडिलांच्या घरात शिरून रोकड व दागिने चोरले. कार्दानो यांनी स्वतः अधिकाऱ्यांकडे तक्रार केली. आल्दोला बोलोन्यातून हद्दपार करण्यात आले आणि वडिलांनी त्याला वारसा हक्कापासून दूर केले. छत्तीस वर्षांपूर्वी ज्या घरातून लुचियाचे दागिने गहाणवटीला गेले होते, त्याच घराण्यात हे घडले. मुलगी कियारा हिचा मात्र हुंड्याच्या खर्चाखेरीज आपल्याला काही त्रास झाला नाही, असे कार्दानो यांनी लिहिले आहे.

१५७० मध्ये त्यांना पाखंडाच्या आरोपावरून अटक झाली. येशू ख्रिस्ताची कुंडली प्रसिद्ध करणे आणि रोमन सम्राट नीरोची स्तुती लिहिणे ही त्यांतील बहुचर्चित कारणे होत. काही महिने तुरुंगात व नजरकैदेत काढल्यावर त्यांनी आपली मते मागे घेतली. अध्यापन व ग्रंथप्रकाशन यांवर बंदी घालण्यात आली. १५७१ मध्ये ते रोमला गेले. तेथील वैद्यमंडळाने त्यांना सामावून घेतले आणि पोपकडून निवृत्तिवेतनही मिळू लागले. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी आत्मचरित्र लिहिले. जन्म, आजार, आहार, पोशाख, खेळ, शत्रू, स्वप्ने, अपत्ये अशा एकेका विषयावरील प्रकरणांचे हे पुस्तक वैद्याने रोग्याची टिपणे करावीत तसे स्वतःविषयी लिहिलेले आहे. स्वतःच्या मृत्यूची तारीख त्यांनी आधीच वर्तविली होती आणि ती खरी ठरावी म्हणून अन्नत्याग केला, ही कथा प्रचलित आहे. तिला विश्वसनीय आधार नाही.

जुगारावरील ग्रंथ

‘लिबेर दे लुदो आलेए’ (संधीच्या खेळांविषयीचे पुस्तक) हे लॅटिन हस्तलिखित कार्दानो यांनी अनेक वर्षे अधूनमधून लिहिले व दुरुस्त केले. काही ठिकाणी चुकीची रीत, तिची चूक आणि सुधारलेली रीत असे तिन्ही टप्पे एकामागून एक तसेच राहिले आहेत. दोन फाशांची ३६ आणि तीन फाशांची २१६ समसंभाव्य दाने मोजून, इष्ट दानांची संख्या व एकूण दाने यांच्या गुणोत्तराने संधी मोजावी, ही मध्यवर्ती कल्पना त्यात स्पष्टपणे येते. दोन फाशांत १० ची बेरीज ३ प्रकारे, म्हणजे बारा वेळांतून एकदा, तर ९ ची ४ प्रकारे, म्हणजे नऊ वेळांतून एकदा येते, असे हिशेब त्यात आहेत. एकच इष्ट घटना सलग अनेकदा घडण्यासाठी संधीचा तितक्या वेळा गुणाकार करावा लागतो, हेही अखेर त्यांच्या हाती लागले. उलट दोन्ही फाशांवर सहा येण्याची संधी १८ फेकींत समसमान होते हा त्यांचा निष्कर्ष चुकीचा आहे. खरी संख्या २५ च्या आसपास येते. असा हिशेब मनात धरून पैज लावणारा खेळाडू हळूहळू पण निश्चितपणे हरत जाईल.

पुस्तकाचा उर्वरित भाग गणिताचा नाही. खुणा केलेले पत्ते, ठराविक बाजू वर पडेल असे बनविलेले फासे आणि प्रतिस्पर्ध्याला चिडवून चुकीची खेळी करायला लावण्याच्या युक्त्या यांचे वर्णन प्रत्यक्ष खेळलेल्या माणसाचे आहे. खेळ समान अटींवर असावा, म्हणजे पैसा, जागा, बघे व फासे यांपैकी कशानेही एका बाजूला झुकते माप मिळू नये, असा त्यांचा आग्रह आहे. वैद्य आणि वकील यांना जुगार अशोभनीय ठरतो, असे ते बजावतात. दुःखाच्या व चिंतेच्या काळात मात्र तो क्षम्य, किंबहुना हितकर असतो अशी सवड ठेवतात. मुळीच न खेळण्यात सर्वांत मोठा लाभ आहे असेही त्यांनी लिहिले आहे.

हे पुस्तक त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. आत्मचरित्र १६४३ मध्ये पॅरिस येथे गाब्रिएल नोदे यांनी प्रकाशात आणले, तर जुगारावरील ग्रंथ १६६३ मध्ये लियाँ येथे निघालेल्या दहा खंडांच्या समग्र वाङ्मयात प्रथम समाविष्ट झाला. तोपर्यंत पास्कल व फेर्मा यांचा १६५४ मधील पत्रव्यवहार होऊन गेला होता आणि हायगेन्स यांची पुस्तिकाही छापली गेली होती. त्यामुळे संभाव्यतेच्या शास्त्राची उभारणी या हस्तलिखिताच्या आधाराविनाच झाली. १९५३ मध्ये नॉर्वेजियन गणितज्ञ ऑयस्टाइन ओरे यांनी कार्दानो यांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि त्याला या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर जोडले.